दणकट, हाय वॅटेज वेप मॉड घेतलाय? पहिल्या तीस दिवसांत तो असा तपासा

मी यूकेत राहतो, काम बांधकाम साइटवरचं, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास बाहेर, पाऊस, चिखल, सिमेंटची धूळ आणि जानेवारीत बोटं बधिर करणारी थंडी. सिगारेट सोडून सात वर्षं झाली, वेपमुळेच सुटली, आणि या सात वर्षांत चार मॉड (वेपचा खालचा भाग, ज्यात बॅटरी आणि पॉवर देणारा बोर्ड असतो) झाले. दोन पावसानं गेले, एक मचाणावरून पडून गेला, चौथा अजून खिशात आहे. त्यामुळे "रग्ड", "वॉटरप्रूफ", "२०० वॅट" असं बॉक्सवर छापलेलं असलं की ते खरं किती आणि आपल्या कामाचं किती हे कसं बघायचं, ते सांगतो.

हे ज्यांना आधीपासून वेपची माहिती आहे त्यांच्यासाठीच आहे. कॉइल (कापसातलं लिक्विड तापवणारी तार) बदलता येते, ओहम (तिचा रोध) कळतो, सुटे सेल (काढता-घालता येणाऱ्या बॅटऱ्या) हाताळलेत, असे लोक. ज्यानं कधी सिगारेट ओढली नाही त्यानं यात अजिबात पडू नका, निकोटिनची सवय लागते आणि मग ती पाठ सोडत नाही. आणि अजून एक, १ जून २०२५ पासून यूकेत डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकायचे वेप, विकायला बंदी आली, तेव्हापासून बरेच जण डिस्पोजेबल सोडून थेट मोठा मॉड घेतायत. त्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, डिस्पोजेबलमधलं ते २० मिलिग्रॅमचं (एका मिलीत तेवढं निकोटिन) निक सॉल्ट लिक्विड ८० वॅटच्या टँकमध्ये, म्हणजे मॉडवर बसणाऱ्या लिक्विडच्या भांड्यात, कधीच घालायचं नाही. इथे एका झुरक्यात कितीतरी पट जास्त लिक्विडची वाफ होते, म्हणून या टँकला ३ मिलिग्रॅम. २० वालं ओढलं तर चक्कर, मळमळ, उलटी, सगळं होईल.

आता क्रम. ऑनलाइन घेतलेली वस्तू यूकेत हातात आल्यापासून १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते, आणि वस्तू सदोष निघाली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानं ३० दिवसांत पूर्ण पैसे मागता येतात. म्हणून मी तपासणीचे दोन भाग करतो. ज्या गोष्टी दुकानात नुसती वस्तू हातात घेऊन बघता आल्या असत्या त्या आधी, आणि पाणी, लिक्विड, सलग वापर हे सगळं "हा ठेवायचाच" असं ठरल्यावर, पण ३० दिवसांच्या आत. उलट केलं तर वापरलेला माल म्हणून पैसे कापू शकतात.

पहिल्या दिवशी सेल न घालता नुसता मॉड हातात घ्या. सेलचं झाकण वीसेक वेळा उघडा-लावा, दर वेळी आवाज आणि दाब सारखाच लागला पाहिजे, आणि लावलेलं झाकण अंगठ्यानं बाजूला सरकवायचा प्रयत्न केला तर हलता कामा नये. दणकट मॉडचं खरं कमजोर ठिकाण हेच असतं, बाहेरचं रबर आणि झिंकचं अंग नाही. माझा जो पडून गेला त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नीट दिसत नव्हता, पण झाकणाची कडी तुटली आणि मग दोन्ही सेल खाली काँक्रीटवर. झाकणाच्या आत चहूबाजूनं रबरी सील असतं ते नखानं हळूच चाचपून बघा, कुठे उचललेलं आहे का, पीळ पडलाय का, कारण तिथूनच पाणी आत जातं. तिथेच गॅस बाहेर पडायला छिद्रं किंवा फट दिलीय का तेही बघा. सेल बिघडून आतून गॅस सोडायला लागला आणि त्याला वाटच नसली तर घट्ट बंद धातूचा डबा म्हणजे काय होईल ते सांगायला नको. वॉटरप्रूफ मॉडमध्ये ही वाट कशी दिलीय हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसेल तर मी विक्रेत्याला लिहून विचारतो, आणि उत्तर आलं नाही तर १४ दिवसांच्या आत परत.

मग सेल घालून कानाजवळ हलवून बघा. खडखड नको. सेल आत हलत असतील तर धक्क्यानं क्षणभर कनेक्शन तुटतं, मॉड रीस्टार्ट होतो, आणि सारखं घासून रॅप (सेलवरचं पातळ प्लॅस्टिकचं वेष्टण) पण फाटतो. सेल काढताना फीत ओढून निघतो का, की नखानं उचकटावा लागतो, हे सुद्धा छोटं वाटतं पण वर्षभर रोज करायचंय. हातमोजे घालून फायर बटण दाबून बघा, लॉकची पट्टी सरकवून बघा, आणि स्क्रीन दिवसाच्या उजेडात वाचता येते का बघा. वजनाचा पण विचार करा, एक १८६५० सेल साधारण ४५ ग्रॅमचा आणि २१७०० साधारण ७० चा (हे सेलच्या आकाराचे नंबर), त्यावर मॉड आणि काचेचा टँक, हे सगळं कामाच्या पँटच्या खिशात दिवसभर झेपतंय का ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आता वॅट. इथे मी जरा जास्त लिहिणारे कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे आणि धोका पण इथेच आहे.

या प्रकारात सगळ्यात ओळखीची मालिका म्हणजे गीकव्हेपची एजिस. त्यातला लेजंड २ दोन १८६५० सेलवर २०० वॅट सांगतो, मॅक्स एका २१७०० वर १०० वॅट सांगतो. ऐकायला २०० दुप्पट वाटतं, पण एका सेलवर पडणारा भार दोन्हीकडे १०० वॅटच आहे. हिशोब असा करायचा. लावलेले वॅट भागिले सेलची संख्या, त्याला भागायचं सेल उतरत आल्यावरच्या व्होल्टेजनं, ते ३.२ धरा, आणि मॉडचा बोर्ड स्वतः थोडी पॉवर खातो म्हणून त्याचे ९० टक्केच, म्हणजे २.८८. दोन सेलवर ८० वॅट लावले तर ४० भागिले २.८८, साधारण १४ अँपिअर. आरामात. एका सेलवर ६० वॅट लावले तर साधारण २१ अँपिअर, म्हणजे चांगला सेल पाहिजेच. आणि दोन सेलवर २०० लावले तर प्रत्येक सेलमधून साधारण ३५ अँपिअर खेचले जातात. आता बाजारातले नावाजलेले १८६५० बघा, आधी क्षमता (एमएएच), मग सलग किती अँपिअर झेपतात ते. सॅमसंग २५आर २५०० एमएएच आणि २० अँपिअर. सॅमसंग ३०क्यू ३००० एमएएच आणि १५ अँपिअर. सोनीचा, आता मुराताचा, व्हीटीसी५ए २६०० एमएएच आणि २५ अँपिअर. मोलिसेल पी२८ए च्या कागदावर ३५ आहे पण स्वतंत्रपणे टेस्ट करणारे लोक सलग वापराला त्याहून बरंच कमी धरतात. म्हणजे २०० वॅट हा आकडा बोर्ड किती देऊ शकतो त्याचा आहे, तुमचे सेल किती झेपवतील त्याचा नाही.

आणि तो आकडा प्रत्येक कॉइलवर मिळतही नाही. दोन सेल एकामागे एक जोडलेले, भरलेले असताना ८.४ व्होल्ट, उतरत आले की ६.४. ०.४ ओहमच्या कॉइलला २०० वॅट द्यायचे तर जवळपास ९ व्होल्ट लागतात, व्होल्टेज खाली आणणाऱ्या साध्या बोर्डातून ते निघणारच नाहीत. शिवाय अशा किटसोबत येणाऱ्या कॉइलवर काय छापलंय ते वाचा. गीकव्हेपच्या झेड मालिकेची ०.२ ओहम कॉइल ७० ते ८० वॅटची, ०.४ वाली ५० ते ६० ची. म्हणजे मॉड २०० चा आणि त्याच्या डोक्यावरची कॉइल ८० ची. याला मी फसवणूक म्हणणार नाही, ८० वर चालवताना २०० चा बोर्ड गरम होत नाही हा खरा फायदा आहे. पण "जास्त वॅट म्हणजे जास्त चांगला" असं समजून पैसे देऊ नका, तुमच्या कॉइलचे वॅट धरा, वरचा हिशोब करा, आणि त्याला पुरेल असा मॉड आणि सेल घ्या.

सेल विकत घेताना रॅपवरच्या आकड्यावर जाऊ नका. १८६५० मध्ये ५०००, ९९०० एमएएच असं काही लिहिलेलं दिसलं तर तो खोटा आहे, एवढी क्षमता त्या आकारात येतच नाही. मी एकदा घाईत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून असे दोन घेतले होते, ४० अँपिअर छापलेले, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले तर एकेक ३३ ग्रॅम, आणि अर्ध्या सकाळीत मॉड बंद. फिरतीचं काम असताना ते खिशात घेऊन फिरलो याचं मला आजही वाईट वाटतं, घरी लहान मूल आहे. तेव्हापासून सेल फक्त बॅटरीच्याच दुकानातून, आल्यावर आधी वजन, मग रॅपचा छापा आणि वरच्या टोकाचा आकार त्याच दुकानाच्या फोटोशी जुळवायचा. दोन सेलच्या मॉडला दोन्ही एकाच दिवशी घेतलेले, त्यांच्यावर मार्करनं अ-१, अ-२ लिहायचं आणि ही जोडी कायम एकत्रच वापरायची, एकत्रच चार्ज करायची, आणि एक गेला की दोघांना निरोप. रॅपला बारीकशी चीर दिसली तरी वापरायचा नाही, नवीन रॅप काही पेनीत मिळतो. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात कधीच नाही, प्लॅस्टिकची डबी घ्या. हेही माहीत असू द्या की हे सेल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतः सांगतात की सुटे सेल ग्राहकांनी असे वापरण्यासाठी नाहीत. म्हणजे जबाबदारी आपल्यावर आहे आणि ती नीट घ्यायची.

यासाठी एक साधा मल्टिमीटर घ्या, दहा-पंधरा पाउंडात येतो, आणि तो नसला तर पुढची तपासणी अर्धीच राहते. मॉडच्या यूएसबीनं पूर्ण चार्ज करा, मग सेल काढून प्रत्येकाचं व्होल्टेज मोजा. ४.२० च्या आसपास पाहिजे, ४.२५ दिसलं तर चार्जिंग सर्किट बरोबर नाही, आणि दोघांत ०.०५ पेक्षा जास्त फरक असला तर मॉड दोन्ही सेल सारखे भरत नाहीये. मग, पुढे सांगितल्याप्रमाणे टँकमध्ये लिक्विड भरल्यावर, नेहमीच्या वॅटवर वापरून "बॅटरी कमी" असं येईपर्यंत उतरवा आणि परत मोजा. ३.२ ते ३.४ च्या दरम्यान थांबला तर ठीक, ३ च्या खाली गेलेला दिसला तर हा मॉड तुमचे सेल लवकर मारणार. हे तीनदा करा, एकदाच नाही. मी स्वतः यूएसबी फक्त अडीअडचणीला वापरतो, रोज बाहेरचा चार्जर, त्यानं पोर्टमध्ये धूळ-पाणी जायचा प्रश्न पण कमी होतो. उलटा सेल घालून किंवा शॉर्ट करून संरक्षण चालतंय का हे कृपया घरी तपासू नका.

कॉइलचं रीडिंग. एकच टँक, थंड कॉइल, पाच वेळा काढून लावा. ०.२० दाखवतोय तर पाचही वेळा ०.१९ ते ०.२१ मध्ये राहिला पाहिजे. एवढ्या कमी ओहमला ०.०३ चा फरक म्हणजे १५ टक्के, तेवढ्यानं वॅट आणि चव दोन्ही हलतात. फरक येत असेल तर वरच्या ५१० जोडणीची (टँक जिथे फिरवून बसतो ती) मधली पिन बघा, ती स्प्रिंगवर मऊ दबून परत वर आली पाहिजे. टँक लावल्यावर खाली फट दिसते का आणि टँक बाजूनं बाहेर डोकावतो का, तेही बघा, कारण बाहेर आलेली काच पडल्यावर सगळ्यात आधी फुटते. टेंपरेचर कंट्रोल (टीसी, म्हणजे कॉइल ठरवलेल्या तापमानापुढे जाऊ न देणं) वापरणारे आता कमीच राहिलेत, पण तुम्ही स्वतः ३१६एल स्टीलची कॉइल बांधत असाल तर कोरडा कापूस घालून २०० अंशांवर छोटे झुरके फायर करा, कापूस काळा पडला तर या मॉडचं टीसी नावालाच आहे.

हे झालं की लिक्विड. कॉइलवर चार-पाच थेंब, टँक भरून दहा मिनिटं थांबा, कमी वॅटपासून हळूहळू वर. यूकेत टँक २ मिलीचा आणि निकोटिनवालं लिक्विड १० मिलीच्याच बाटलीत, त्यामुळे बहुतेक जण ५० मिलीचं शॉर्टफिल (निकोटिन नसलेलं, बाटलीत वर जागा ठेवलेलं लिक्विड) घेऊन त्यात १८ मिलिग्रॅमचा १० मिलीचा एक निकोटिन शॉट घालतात, ६० मिलीत बरोबर ३ मिलिग्रॅम होतं. लिक्विड ७० टक्के व्हीजीचं (व्हेजिटेबल ग्लिसरीन). आता दहा झुरके नेहमीच्या वेगानं घ्या आणि लगेच वरची प्लेट आणि झाकण हातानं बघा. कोमट चालेल. हात काढावासा वाटला तर परत. बटण दाबल्यापासून वाफ यायला किती वेळ लागतो, दहाव्या झुरक्याला पहिल्यासारखीच चव येते का, हे पण. जळका झुरका आला की तिथेच थांबायचं, तो ओढत राहायचं नाही, कापूस कोरडा पडून लिक्विड जास्त तापलं की त्यातून फॉर्मल्डिहाइडसारखे घटक तयार होतात. वेप सिगारेटपेक्षा कमी घातक आहे असं एनएचएस (यूकेची सरकारी आरोग्यसेवा) म्हणतं, धोका नाही असं म्हणत नाही.

खर्चाचा पण विचार करा, कारण ८० वॅट लिक्विड पितो, माझं दिवसाला १० मिली सहज जातं. १ ऑक्टोबर २०२६ पासून यूकेत वेप लिक्विडवर १० मिलीला २.२० पाउंड कर ठरलाय, निकोटिन असो-नसो, म्हणजे ६० मिलीमागे १३.२० पाउंड. माझ्यासारख्याला महिन्याला ६६ पाउंड नुसता कर. म्हणून मी आता ०.४ ची कॉइल ५५ वॅटवर लावतोय, वाफ कमी पण लिक्विडही बरंच कमी, आणि सेल पण संध्याकाळपर्यंत टिकतात.

पाण्याची टेस्ट आता, १४ दिवसांनंतर आणि ३० च्या आत. बॉक्सवर आयपी६८ असं धूळ-पाण्याचं रेटिंग असतं, त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा आकडा ७ असेल तर १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, ८ असेल तर त्याहून जास्त, पण किती खोल, किती वेळ, ते कंपनी ठरवते, म्हणून ते कुठे लिहिलंय ते शोधा. ही चाचणी साध्या, स्थिर पाण्यात, नवीन वस्तूवर होते. साबण, समुद्राचं पाणी, गरम शॉवर, जोराचा पाइप, दोन वर्षं जुनं झालेलं सील, यातलं काही त्यात धरलेलं नसतं. आणि हे रेटिंग मॉडचं आहे, टँकचं नाही, टँकच्या हवेच्या खाचेतून पाणी जाणारच. मी असं करतो, सेल बाहेर काढतो, सेलच्या जागी कोरडा टिश्यू घडी करून ठेवतो, झाकण लावतो, जुना टँक वर घट्ट बसवतो, यूएसबीचं रबरी बूच नीट दाबतो, आणि वाडग्यात पाणी घेऊन दहा मिनिटं बुडवतो. बाहेर काढून आधी पूर्ण पुसायचं, मगच उघडायचं, नाहीतर बाहेरचंच पाणी आत जातं आणि उगाच गैरसमज होतो. टिश्यूवर एक जरी ओला ठिपका असला तरी बॉक्सवरचा दावा खोटा, फोटो काढा आणि पैसे मागा. टिश्यू कोरडा असला तरी सेल दुसऱ्या दिवशी घाला. हीच टेस्ट दर सहा महिन्यांनी परत करतो, माझा दुसरा मॉड नवीन असताना कोरडा निघाला होता आणि दीड वर्षानं साध्या पावसात गेला, सील कडक झालं होतं.

पाडायची टेस्ट मी करत नाही, तुम्हीही मुद्दाम करू नका. बॉक्सवर अमेरिकन लष्कराच्या ८१० मानकाचं नाव असतं, त्यात १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडतात, पण बऱ्याचदा प्लायवूडवर, आणि कुठल्या चाचण्या करायच्या ते कंपनीच ठरवते. साइटवरचं काँक्रीट वेगळं. त्यापेक्षा पडल्यावर काय करायचं ते ठरवून ठेवा. लगेच सेल काढा, कडेला किंवा टोकाला खळगा पडलेला दिसला तर तो सेल परत वापरायचा नाही, मॉड कितीही ठीक दिसू दे. टाकायचा कचऱ्याच्या डब्यात नाही, टोकांना टेप लावून बॅटरी घेणाऱ्या रिसायकलिंग केंद्रात.

थंडीचं पण बघून घ्या. शून्याच्या आसपास बटण दाबलं की सेलचं व्होल्टेज लगेच खाली जातं, अर्धी बॅटरी असताना मॉड "चेक बॅटरी" म्हणतो, यात मॉडचा दोष नाही, आतल्या खिशात ठेवा. आणि गारठलेला सेल थेट चार्जरवर नको, घरात तासभर राहू द्या.

शेवटचं गावी जाणाऱ्यांसाठी. विमानात मॉड आणि सेल दोन्ही हातातल्या बॅगेत, सुटे सेल डबीत, चेक-इन बॅगेत अजिबात नाही. पण हे भारत सोडून बाकीच्या प्रवासासाठी. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं सगळं बंद आहे, आयात पहिल्यांदा पकडली गेली तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि "स्वतःच्या वापरासाठी एकच आहे" या भरवशावर मुंबईच्या कस्टमसमोर उभं राहू नका. मी गावी जाताना निकोटिन गम घेऊन जातो आणि मॉड इथेच ठेवतो. टँक रिकामा करून धुतो, सेल ३.७ व्होल्टच्या आसपास उतरवून डबीत घालतो, झाकण उघडं ठेवतो म्हणजे सील दबून राहत नाही, आणि लिक्विडच्या बाटल्या मुलाचा हात पोचणार नाही अशा वरच्या कपाटात, कुलूप लावून.